रटलंड : अर्ध्या तालुक्याएवढी काउंटी

इंग्लंडच्या नकाशात साधारण मध्यावर, जरा पूर्वेकडे सरकून बोट टेकवलं, तर बोटाखाली एक आख्खी काउंटी झाकली जाते. तिचं नाव रटलंड. क्षेत्रफळ सुमारे ३८२ चौरस किलोमीटर, आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४१ हजारांच्या आसपास. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ त्याच्या ३५८ तालुक्यांत सारखं वाटलं, तर एका तालुक्याला साडेआठशे चौरस किलोमीटरहून थोडं जास्त येतं. म्हणजे रटलंड आपल्या सरासरी तालुक्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. उत्तर-दक्षिण अंतर जेमतेम २९ किलोमीटर. धडधाकट माणूस सकाळी न्याहारी करून एका टोकाहून चालायला लागला, तर दिवेलागणीच्या आत दुसऱ्या टोकाला पोचेल.

एवढ्याशा मुलखाला स्वतःचा झेंडा आहे, स्वतःची कौन्सिल आहे आणि राजाचा वेगळा प्रतिनिधीही आहे. या गोष्टी वारशानं सहज चालत आलेल्या नाहीत. मध्यंतरी २३ वर्षं रटलंड ही काउंटीच कागदावरून पुसली गेली होती. ती परत कशी आली हे कळायचं, तर आधी काउंटी हे प्रकरण समजून घ्यायला हवं.

आपण काउंटीला सरसकट जिल्हा म्हणतो. जुन्या मराठी पुस्तकांत परगणा म्हणत. दोन्ही शब्द अर्धेच लागू पडतात, कारण इंग्लंडमध्ये काउंटी या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. पहिली ऐतिहासिक काउंटी. शेकडो वर्षांपूर्वी आखले गेलेले हे मुलूख आज कारभार बघत नाहीत, पण 'तुम्ही कुठले?' या प्रश्नाचं उत्तर माणसं अजून त्यांच्याच नावानं देतात. दुसरी मानाची काउंटी. तिथे राजाच्या वतीनं एक लॉर्ड लेफ्टनंट नेमलेला असतो. राजघराण्यातलं कुणी आलं की स्वागताला तोच उभा राहतो. तिसरी कारभाराची काउंटी. शाळा, रस्ते, कचरा, ग्रंथालयं, म्हाताऱ्यांची देखभाल हे सगळं बघणारी कौन्सिल. या तिन्हींच्या हद्दी एकच असतील असं नाही, आणि पुष्कळदा त्या नसतातच.

म्हणून 'इंग्लंडमधली सर्वात लहान काउंटी कोणती?' याचं उत्तर, तुम्ही कोणती यादी धरता त्यावर बदलतं. ऐतिहासिक यादीत निर्विवाद रटलंड. मानाच्या यादीत लंडन शहराचा जुना गाभा आणि ब्रिस्टल हे तिच्याहून लहान आहेत. आइल ऑफ वाइट हे बेट तर रटलंडच्या इतकं बरोबरीला येतं, की भरतीच्या वेळी बेट लहान आणि ओहोटीच्या वेळी रटलंड लहान, असं तिथे गमतीनं सांगतात.

हा मुलूख वेगळा का राहिला, त्याचं मूळ हजार वर्षांमागे जातं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याच्याही आधी इथली जमीन इंग्लंडच्या राण्यांच्या नावे असे. राजा एडवर्ड द कन्फेसर याची राणी एडिथ हिच्याकडे ती होती. आपल्या इतिहासात राजघराण्यातल्या बायकांना चोळीबांगडीसाठी गावं लावून दिलेली असत, त्याच जातीची ही व्यवस्था. चोळीबांगडीचा मुलूख कुणा शेजारच्या सरदाराच्या जहागिरीत मिसळत नाही, आणि रटलंडही मिसळलं नाही. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत त्याला धड स्वतंत्र काउंटीही म्हटलेलं नाही, काही भाग नॉटिंगहॅमशरला जोडून लिहिलेला आहे. पुढच्या शतकात मात्र ती काउंटी म्हणून उभी राहिली.

विसाव्या शतकात लंडनच्या सरकारला हे लहानपण खुपायला लागलं. १९६० च्या सुमारास रटलंड शेजारच्या लेस्टरशरमध्ये विलीन करायचा प्रस्ताव आला. लोकांनी जोरदार विरोध केला आणि १९६३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पण देशभराच्या फेररचनेत पुन्हा तेच झालं. १ एप्रिल १९७४ रोजी रटलंड काउंटी संपली आणि लेस्टरशरच्या पोटातला एक डिस्ट्रिक्ट, म्हणजे काउंटीच्या खालची कारभाराची पायरी, झाली. रटलंडकरांनी हे मनावेगळं केलं नाही. १ एप्रिल १९९७ ला कारभार पुन्हा त्यांच्या हाती आला. मात्र कायद्याच्या दृष्टीनं ती एका डिस्ट्रिक्टलाच काउंटीचे अधिकार देण्याची रचना होती, म्हणून कौन्सिलचं औपचारिक नाव झालं 'रटलंड काउंटी कौन्सिल डिस्ट्रिक्ट कौन्सिल'. हे नाव आधी छपाईची चूक वाटतं, आणि मग त्यात सगळा झगडा वाचता येतो.

कौन्सिलनं १९५० मध्ये चिन्ह घेतलं तेव्हा ब्रीदवाक्य निवडलं लॅटिन : 'मल्टम इन पार्व्हो', म्हणजे थोडक्यात पुष्कळ. झेंड्यावर हिरव्या पार्श्वभूमीवर सोनेरी घोड्याचा नाल आहे आणि भोवती ओकच्या झाडाची फळं विखुरलेली आहेत. तो नाल कुठून आला ते ओकममध्ये कळतं.

भिंतीवरचे नाल

ओकम हे काउंटीचं मुख्य गाव. रटलंडमध्ये शहर म्हणावं अशी गावं दोनच, ओकम आणि अपिंगम. ओकमच्या बाजाराला लागूनच किल्ला आहे, पण बुरूज-तटबंदीची अपेक्षा ठेवून गेलात तर दिसतं हिरवळीवर एकटं उभं असलेलं दगडी दालन. वॉकेलिन द फेरर्स या नॉर्मन सरदारानं ते ११८० ते ११९० च्या सुमारास बांधलं. त्या काळातलं राहत्या घराचं दालन इतक्या धडपणे टिकल्याची उदाहरणं इंग्लंडमध्ये फार थोडी आहेत.

आत पाऊल टाकलं की नजर आधी भिंतींवर जाते. पांढऱ्या भिंतींवर घोड्याचे नाल, दोनशेहून जास्त. काही तळहाताएवढे, काही दारावरच्या तोरणाएवढे मोठे. बरेचसे कधी कुठल्या घोड्याच्या पायात गेलेलेच नाहीत. ते मुद्दाम घडवून घेतलेले, रंगवलेले, वर मुकुट बसवलेले आणि खाली देणाऱ्याचं नाव कोरलेले आहेत. इथली रीत अशी, की उमराव पदाचा माणूस ओकममध्ये पहिल्यांदा आला की त्यानं इथल्या जहागीरदाराला एक नाल द्यायचा. फेरर्स घराण्याच्या नावातच लोखंड आहे आणि नाल हे त्यांचं चिन्ह. आपल्याकडे नालबंद हे आडनाव जसं धंदा सांगतं, तसंच हे. टिकलेल्यांमधला सगळ्यात जुना नाल चौथ्या एडवर्ड राजाचा मानला जातो. १४७० मध्ये एम्पिंगमजवळ त्यानं एक बंड मोडलं, त्या सुमाराचा. अलीकडच्यांत राणी एलिझाबेथ दुसरी यांचा आहे. साडेपाचशे वर्षं एखाद्या लहानशा गावानं देशाच्या सत्ताधाऱ्यांकडून टोल वसूल करावा, ही गोष्ट मला त्या दालनाच्या खांबांवरच्या सुंदर कोरीवकामाइतकीच मोलाची वाटते.

आणखी एक बारीक गोष्ट. सगळे नाल टोकं खाली करून टांगलेले आहेत. इंग्लंडमध्ये इतरत्र टोकं वर ठेवतात, म्हणजे नशीब सांडून जात नाही. रटलंडमध्ये म्हणतात, टोकं वर ठेवली तर खोलगट भागात सैतान येऊन बसेल. आपल्याकडे चौकटीवर नाल ठोकणारेही कधी कधी यावरून वाद घालतात, त्यांनी ओकमचा दाखला जरूर द्यावा.

बाहेर बाजारात लाकडी खांबांवर आठ बाजूंचं छप्पर असलेला जुना मंडप आहे, बटर क्रॉस. त्याच्याखाली गुन्हेगारांचे पाय अडकवायचा खोडा अजून आहे, आणि त्याला भोकं आहेत पाच. पाय जोडीनं असतात, मग पाचवं भोक कशाला, याचे तर्क माणसं आजही करत उभी राहतात.

याच ओकममध्ये १६१९ साली जेफ्री हडसन जन्मला. सात वर्षांचा झाला तरी उंची जेमतेम दीड फूट. बकिंगहॅमच्या ड्यूकच्या घरी राजा पहिला चार्ल्स आणि राणी हेन्रिएटा मारिया जेवायला आले, तेव्हा पाहुण्यांपुढे एक मोठा 'पाई', म्हणजे कणकेच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ, ठेवला गेला, आणि त्याच्या कवचातून चिलखत घातलेला हा मुलगा बाहेर आला. राणीनं त्याला ठेवून घेतलं. दरबारानं त्याच्याकडे कायम करमणूक म्हणून पाहिलं. १६४४ मध्ये फ्रान्समध्ये त्याची चेष्टा करणाऱ्या एकाला त्यानं द्वंद्वाचं आव्हान दिलं. तो माणूस टर उडवायला पिचकारी घेऊन आला. हडसन पिस्तूल घेऊन आला होता, आणि त्याचा नेम चुकला नाही. त्याला दरबार सोडावा लागला, पुढे समुद्री चाच्यांनी पकडलं आणि आयुष्याची वीसेक वर्षं उत्तर आफ्रिकेत गुलामीत गेली. ही कहाणी रटलंडमध्ये गमतीची म्हणून सांगतात. मला ती वाचताना प्रत्येक वेळी त्या पाईच्या आत अंधारात अंग चोरून बसलेला सात वर्षांचा मुलगा दिसतो.

बुडालेलं गाव, वाचलेलं देऊळ

रटलंडचं आजचं रूप ठरवलं ते एका धरणानं. पूर्व इंग्लंडमध्ये पाऊस कमी पडतो, आणि १९६० नंतर पीटरबरो, नॉर्थहॅम्प्टन, मिल्टन कीन्स ही शहरं झपाट्यानं वाढत होती. त्यांना पाणी हवं होतं. ग्वॉश नावाच्या छोट्या नदीचं खोरं त्यासाठी निवडलं गेलं. १९७० मध्ये संसदेनं कायदा केला, १९७१ मध्ये काम सुरू झालं आणि १९७६ मध्ये जलाशय खुला झाला.

आपल्या धरणांच्या हिशोबात तो लहान आहे. साठा १२ कोटी ४० लाख घनमीटर, म्हणजे साधारण ४.४ टीएमसी, पानशेतच्या निम्म्याहूनही कमी. पण पाण्याचा पसारा १२ चौरस किलोमीटरहून अधिक, आणि या हिशोबानं तो इंग्लंडमधला सर्वात मोठा जलाशय आहे. काउंटीच्या दर शंभर एकरांतले तीन एकर पाण्याखाली आहेत असं समजा.

एवढंसं ग्वॉशचं पाणी त्याला पुरेल का? अजिबात नाही. हा जलाशय मुख्यतः उपशावर भरतो. नेन आणि वेलंड या शेजारच्या नद्यांना पाणी असतं तेव्हा पंप लावून ते इथे आणलं जातं आणि गरजेप्रमाणे वापरलं जातं. मातीचा बंधारा १,२०० मीटर लांब आहे. त्यासाठी लागलेली चिकणमाती त्याच खोऱ्यातून काढली, आणि खोऱ्याचा तळही तसल्याच मातीचा असल्यानं पाणी जिरून जात नाही. ही चिकणमाती लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

नेदर हॅम्बल्टन हे गाव जवळजवळ पूर्ण गेलं, मिडल हॅम्बल्टनही बहुतेक गेलं. टेकडीवरचं अपर हॅम्बल्टन वाचलं आणि तीन बाजूंनी पाणी आल्यामुळे ते आता एका लांबोड्या द्वीपकल्पावर बसलं आहे. इंग्लंडमध्येही माणसं घरं सोडून निघाली होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. संख्येनं ती थोडी होती, पण उंबरठा प्रत्येकाचा एकच असतो.

दक्षिण काठावर नॉर्मन्टनचं चर्च आहे. ते गाव तर अठराव्या शतकातच तिथल्या जमीनदारानं आपल्या हवेलीभोवती मोकळं उपवन हवं म्हणून हलवलं होतं. पुढे १९२० च्या दशकात हवेलीही पाडली गेली. चर्च उरलं, आणि नव्या पाण्याची पातळी नेमकी त्याच्या तळमजल्याच्या वर येणार होती. १९७० मध्ये त्याचं धार्मिक रूप विधीपूर्वक संपवण्यात आलं. पाडून टाकणं सोपं होतं, पण लोकांनी ते होऊ दिलं नाही. शेवटी आतला खालचा भाग दगड-काँक्रीटनं खिडक्यांच्या जवळपास भरून फरशी वर उचलली, बाहेर दगडांचा बांध घातला आणि काठापासून तिथवर एक चिंचोळी वाट बांधली. आज ते निम्मं पुरलेलं, तीन बाजूंनी पाण्यानं वेढलेलं उभं आहे आणि तिथे लग्नं लागतात. दारातून आत गेलं की काहीतरी खटकतं, ते काय हे लगेच कळत नाही. मग लक्षात येतं, खिडक्या फार खाली आहेत. आपण मूळ इमारतीच्या अर्ध्या उंचीवर उभे आहोत.

बांधकाम चालू असताना या जलाशयाला एम्पिंगमचं नाव होतं. पाणी खुलं झालं ते 'रटलंड वॉटर' या नावानं. काउंटी कागदावरून जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या काळात नकाशात ठळकपणे 'रटलंड' वाचता येत असे ते या पाण्यावर.

पाण्यानं पाखरं आणली. पश्चिम टोकाला सुरुवातीपासूनच उथळ तळी आणि चिखलवाटा राखून ठेवल्या, त्यामुळे हिवाळ्यात हजारोंनी बदकं उतरतात. पण सगळ्यात मोठं काम झालं ते ऑस्प्रेचं. पाण्यात झेपावून पायांनी मासा उचलणारा हा शिकारी पक्षी भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याची ऐट सांगायला नको. इंग्लंडमधून तो एकोणिसाव्या शतकातच शिकारीमुळे आणि अंडी गोळा करणाऱ्यांमुळे नाहीसा झाला होता. १९९६ पासून स्कॉटलंडमधल्या घरट्यांतली सहाएक आठवड्यांची पिल्लं रटलंडला आणून सोडली गेली. पिल्लंच का? कारण ऑस्प्रे जिथून आयुष्यातली पहिली भरारी घेतो, त्या जागेला घर मानतो. शरद ऋतूत तो पश्चिम आफ्रिकेत सेनेगल-गाम्बियाकडे जातो, पहिली दोनेक वर्षं तिकडेच काढतो, आणि परततो तो त्या घराकडे. म्हणजे पिल्लू सोडायचं, आणि मग दोन-तीन वर्षं नुसतं आकाशाकडे बघत बसायचं. २००१ मध्ये इथे पहिलं पिल्लू झालं. मध्य इंग्लंडमध्ये दीडशे वर्षांत असं घडलं नव्हतं. आता मार्चच्या अखेरीस ते येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात. मधल्या काळात मॅन्टन बेच्या घरट्यावर कॅमेरा लावलेला असतो, घरबसल्या बघता येतं.

आता ती चिकणमाती. फेब्रुवारी २०२१ मध्ये पाखरांसाठी राखलेल्या त्या उथळ तळ्यांपैकी एकाचं पाणी कामासाठी उतरवलं होतं. निसर्गसंस्थेच्या एका कर्मचाऱ्याला चिखलातून मातीच्या नळ्यांसारखं काही डोकावताना दिसलं. त्या नळ्या नव्हत्या, मणके होते. खणून काढल्यावर निघाला इक्थिओसॉर, म्हणजे माशासारख्या देहाचा, समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी. लांबी सुमारे १० मीटर, वय सुमारे १८ कोटी वर्षं. नुसती कवटी तिच्याभोवतीच्या मातीसकट एक टनाच्या घरात भरली. ब्रिटनमध्ये इतका मोठा आणि इतका पूर्ण सांगाडा आधी सापडलेला नव्हता. ज्या गाळाच्या मातीनं आज रटलंडचं पाणी धरून ठेवलंय, ती त्या प्राण्याच्या वेळी समुद्राचा तळ होती.

त्याच्या आदल्याच वर्षी, लॉकडाउनमध्ये, केटन गावाजवळ एका शेतमालकाच्या मुलाला शेतात जुनी खापरं दिसली. उपग्रहाच्या चित्रात पिकाखाली इमारतीच्या रेषा उमटलेल्या होत्या. लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी खणलं, तर एका रोमन हवेलीतली सुमारे ११ मीटर बाय ७ मीटरची दगडी तुकड्यांची चित्रमय फरशी निघाली. ट्रॉयच्या युद्धातली कथा तिच्यावर तीन पट्ट्यांत आहे : अकिलीझ आणि हेक्टर यांची लढाई, हेक्टरचं प्रेत रथामागे फरफटणं, आणि म्हाताऱ्या प्रायमनं मुलाचं प्रेत सोन्यानं तोलून सोडवून घेणं. शेत खाजगी आहे, फरशी संरक्षित आहे आणि सुरक्षिततेसाठी पुन्हा मातीखाली झाकली आहे. बघायला जाता येत नाही. तरी त्या भागातून जाताना, बाजूच्या गव्हाखाली हे आहे, ही जाणीव सोडत नाही.

दगड वाचत फिरावं

रटलंडमध्ये वाट चुकली तर घरांकडे बघावं. पश्चिमेला, अपिंगमच्या बाजूला, दगड लोहयुक्त आहे आणि घरं गुळाच्या ढेपेसारखी तपकिरी. पूर्वेला केटन-क्लिपशमकडे फिकट, सायीच्या रंगाचा चुनखडीचा दगड. केटनचा दगड भिंगातून पाहिला तर माशाच्या गाभोळीसारखे बारीक गोल कण चिकटलेले दिसतात. केंब्रिजमधल्या कॉलेजांच्या कितीतरी भिंती त्याच दगडाच्या आहेत.

अपिंगम आणि ओकम इथल्या दोन्ही नामांकित शाळा रॉबर्ट जॉन्सन या एकाच धर्माधिकाऱ्यानं १५८४ मध्ये काढल्या. लिडिंग्टनला बिशपच्या जुन्या वाड्याचं १६०० साली गरिबांच्या आश्रमात रूपांतर झालं, १२ पुरुष आणि २ स्त्रियांसाठी. त्यांच्या खोल्या अजून पाहता येतात. विंग गावात गवतात कोरलेला मध्ययुगीन चक्रव्यूह आहे. त्यात चुकायला वाटच नाही, एकच वाट वळत वळत मध्यावर नेते. दक्षिण सीमेवर वेलंड नदीचं खोरं ओलांडणारा विटांचा रेल्वेपूल १८७८ चा, ८२ कमानींचा, एक किलोमीटरहून लांब. त्याचं एक टोक रटलंडमध्ये आणि दुसरं नॉर्थहॅम्प्टनशरमध्ये. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो खालच्या शेतातून बघावा.

जायचं तर ओकमला रेल्वे स्टेशन आहे, बर्मिंगहॅम आणि पीटरबरो यांच्यामधल्या मार्गावर. पाण्याभोवतीची सायकलवाट हॅम्बल्टनचा फेरा धरून ३७ किलोमीटर भरते, आणि सायकली तिथेच भाड्यानं मिळतात. दोन दिवस पुरतात असं लोक म्हणतात. मी तीन काढायला सांगेन, कारण तिसऱ्या दिवशी काहीच न ठरवता एखाद्या गावात बसावं अशी ही जागा आहे.

काउंटीचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. पोलीस आणि अग्निशमन आजही लेस्टरशरबरोबर एकत्र आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं श्वेतपत्रिका काढली. तिच्यात एका कौन्सिलसाठी पाच लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येचं माप सुचवलं आहे. रटलंड त्याच्या बाराव्या हिश्शालाही जेमतेम पोचतं, आणि म्हणून शेजारच्या काउंटीत मिसळण्याचा विषय तिथे पुन्हा निघाला आहे. पैशाचा हिशोब मोठ्या कौन्सिलच्या बाजूनं मांडता येतो, हे मी नाकारत नाही. पण आपल्या गल्लीतला खड्डा कुणाला सांगायचा हे ज्या माणसाला नावानिशी ठाऊक आहे, त्याला पाच लाखांच्या गर्दीत ढकलताना त्या हिशोबात हा तोटाही मांडला जावा, एवढं मला मनापासून वाटतं.